काहीही न ठरवता रत्नागिरी : पहिल्यांदा जाणाऱ्या पुणेकरांसाठी

आमच्या मेहुण्यांनी एकदा रत्नागिरीतल्या एका दिवसाचा तक्ता केला होता. ८.१०ला थिबा राजवाडा, ८.५५ला टिळक जन्मस्थान, अशी अकरा ठिकाणं. कागदाला प्लास्टिकचं आवरणही घातलं होतं, समुद्राचं पाणी उडालं तरी तक्ता शाबूत राहावा म्हणून. अकरापैकी नऊ ठिकाणं आम्ही उरकली. भाट्याला पोचलो तेव्हा पूर्ण भरती होती, त्यामुळे वाळू अशी दिसलीच नाही. जेवायला तीनला गेलो, तर खानावळीतल्या मावशी भांडी घासायला बसल्या होत्या. आणि राजवाड्यातल्या खिडकीशी जरा टेकलो की मागून कुणीतरी घड्याळ दाखवायचं.

पुढच्या वर्षी मी एकटाच गेलो, तक्ता न घेता. त्यानंतर दरवर्षी जातो. हिंजवडीत नव्याने नोकरीला लागलेली मुलं किंवा शेजारचे कुणी ‘रत्नागिरीला जातोय, काय काय पाहायचं?’ असं विचारायला येतात, त्यांना मी सांगतो ते इथे लिहून ठेवतोय. काहीही न ठरवता फिरायचं म्हणजे काहीच माहीत नसताना फिरायचं असं नाही. ठिकाणं माहीत नसली तरी चालतं. भरती कधी, खानावळ कधी बंद होते आणि सूर्य कधी बुडतो, या तीन वेळा माहीत असल्या की दिवस आपोआप लागतो.

निघण्याआधी, पुण्यातच

एकच गोष्ट ठरवा : झोपायची खोली. जोडून सुट्ट्या आल्या की अर्धं पुणे कोकणात उतरतं, आणि रात्री नऊला पाठीवर बॅग घेऊन खोल्या शोधत हिंडण्यात मौज नसते. खोली गावात घ्या. मांडवी, जयस्तंभ, मारुती मंदिर या भागात कुठेही. बहुतेक लोक सरळ गणपतीपुळ्याला उतरतात. ते सुमारे पंचवीस किलोमीटर लांब आहे आणि तिथून प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते. न ठरवलेल्या दिवसाची पहिली अट अशी, की दाराबाहेर पडल्यावर चालत कुठेतरी पोचता आलं पाहिजे.

अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने निघालात तर पहाटे रत्नागिरी. स्वतःची गाडी असेल तर कऱ्हाडपर्यंत महामार्ग, पुढे मलकापूरवरून आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. दुसरा रस्ता उंब्रजहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण. मला आंबा घाट आवडतो, पण पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुकं आणि दरडी असतात, तेव्हा रात्री उतरू नका. रेल्वेने गेलात तर स्टेशन गावाबाहेर आहे हे लक्षात ठेवा. गावात यायला पुन्हा रिक्षा किंवा बस लागते.

बॅगेत भिजली तरी चालेल अशी चप्पल, टोपी, पंचा आणि सुट्टे पैसे. बूट घालून समुद्रावर आलेला माणूस दिवसभर फक्त बूटच सांभाळत असतो.

तिथीची पाऊणपट

हे शिकायला मला तीन खेपा लागल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तुम्ही तिथे असाल त्या दिवशीची तिथी पाहा. तिला पाऊणने गुणा. येईल ती भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन : दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटेही त्याच सुमारास. तिथून सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पक्ष शुक्ल की कृष्ण, याने हिशेब बदलत नाही.

कोकणात हे कुणीही तोंडी सांगतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागोमाग सरकते. पाऊण तास हा तोंडी हिशेबाला सोपा पडणारा आकडा. त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. चुलत्यांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आमचं कॅलेंडर संकष्टीखेरीजही कामाला येतं तर!’

अजून दोन शब्द लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास फार चढतही नाही, फार ओसरतही नाही, तो भांग. लांबच लांब ओल्या वाळूवर चालायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठावी.

सकाळी आधी बंदरावर

रात्रीच्या गाडीचा शीण असला तरी आंघोळ करून लगेच झोपू नका. चहा घ्या आणि मिरकरवाड्याला जा. हे मासेमारीचं मोठं बंदर, पाहण्याचं ‘ठिकाण’ म्हणून कुणी बांधलेलं नाही, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखं आहे. रंगवलेल्या होड्या एकमेकींना चिकटून उभ्या, खलाशी जाळी झटकतायत, बर्फ फोडायचा आवाज, पाट्या डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका. बोट आली की माल उतरतो आणि उभ्या उभ्या लिलाव होतो. आकडे इतक्या भरभर पुकारले जातात की मंडईत घासाघीस करून तयार झालेल्या माणसालाही कोणता सौदा कधी तुटला ते कळत नाही.

इथे नवख्या माणसाने एवढंच पाळायचं : वाटेत उभं राहायचं नाही. पाटी घेऊन येणाऱ्या मावशी थांबत नाहीत, त्यांच्या डोक्यावरून बर्फाचं पाणी गळत असतं आणि खालचा ओटा निसरडा असतो. फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, काही जण नाही म्हणतात. घ्यायचं नसेल तर भाव विचारत बसू नका. वास येणारच, नाकाला रुमाल लावून फिरू नका, ते वाईट दिसतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत बंदरावर शाकारलेल्या होड्या आणि जाळी विणणारी माणसं दिसतात. मला तेही आवडतं, पण ताज्या सुरमईच्या आशेने गेलात तर पदरी निराशा येईल.

रिक्षावाल्यांना काय विचारायचं

‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणजे पुन्हा मेहुण्यांचा तक्ता. मी विचारतो, ‘तुमच्या घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांना कुठे नेता?’ माणूस मग खरोखर विचार करतो.

एकदा मी असंच विचारलं आणि वर भाट्याला जायचं म्हणालो. काकांनी आरशातून पाहिलं.

‘पुण्याचे काय?’

‘हो.’

‘आत्ता भाट्याला जाऊन काय करणार? पाणी चढलंय. आधी टिळकांकडे जाऊन या, मग बघू.’

टिळकांकडे! जणू ते आत झोपाळ्यावर बसले असतील. भाडं मात्र बसण्याआधी बोलून घ्या. दोघांनाही नंतर अवघड वाटत नाही. घाई नसेल तर रहाटाघरच्या स्टँडवरून शहर बस सुटतात, त्यांतल्या एखादीत बसून शेवटपर्यंत जाऊन यायलाही हरकत नाही. मी एका सकाळी दुसरं काहीच केलं नाही.

ऊन चढल्यावर

दहाच्या पुढे कोकणातलं ऊन नुसतं तापत नाही, चिकटतं. तेव्हा छपराखालच्या जागा. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान ही पहिली. जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू, अंगण असलेलं घर. १८५६ सालचा जन्म आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब पुण्याला. म्हणजे आपण ज्यांना अगदी पुण्याचे समजतो ते मुळात इथले. आणि ही गोष्ट रत्नागिरीकर तुम्हाला आठवण करून दिल्याशिवाय सोडत नाहीत. केसरीवाडा पाहिला असेल तर इथे आल्यावर घरांतला फरक लक्षात येतो : इथे पाऊस लक्षात ठेवून बांधलंय.

पतितपावन मंदिर गावातच आहे. सावरकर १९२४ साली येरवड्याच्या तुरुंगातून सुटले ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर, आणि १९३७पर्यंत इथे होते. सर्व जातींच्या लोकांना प्रवेश असलेलं हे मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलं. बाहेरून चारचौघांसारखं देऊळ. ही तारीख डोक्यात ठेवून पायरी चढलात तर वेगळं दिसतं. झाडगावला मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा लहान मुलांना नक्की दाखवा. मुलं नसतील तर वगळलंत तरी चालेल.

थिबा राजवाड्याला मात्र वेळ द्या, आणि सोमवार टाळा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला, राणीला, मुलींना बोटीत घालून हिंदुस्थानात आणलं. १८८६पासून तो रत्नागिरीत. हा राजवाडा झाला १९१० साली, म्हणजे त्याआधी चोवीस वर्षं तो इथे दुसऱ्या घरांतून राहत होता. आणि १९१६ साली वारला, म्हणजे वाड्यात राहिला जेमतेम सहा वर्षं. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर रंगूनला नेऊन ठेवलेला, तिथेच १८६२ला गेला; आणि तिकडचा शेवटचा राजा आपल्या कोकणात. इंग्रजांनी कैदी ठेवायला मुलखांची अदलाबदल केल्यासारखं.

वाडा लाल जांभ्याचा आणि लाकूड ब्रह्मदेशी सागाचं. खिडक्यांच्या वरची अर्धवर्तुळाकार लाकडी कमान पाहा. मग जवळच्या थिबा पॉइंटवर जाऊन उभे राहा. खाली काजळी नदी, भाट्याची खाडी, पूल, माडांची रांग आणि पलीकडे समुद्र. आपल्याला ते सुंदर दिसतं. राजाला या समुद्राकडे पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मला दर खेपेला पडतो.

जेवण : साडेबारा ते दोन

ही वेळ चुकवू नका. दुपारी एक ते चारच्या पाटीवरून जगाने आपल्याला हसून घेतलंय, पण रत्नागिरीत पाटी नसते एवढाच फरक. अडीचला घरगुती खानावळीत चूल विझलेली असते. साडेबाराला पोचा, आणि जेवणाचा फलक वाचण्याआधी विचारा, ‘आज काय आलंय?’ फलकावर सगळं बारमाही असतं, आणि ‘आज काय आलंय’चं उत्तर दोन-तीन नावांचं असतं. त्या दोन-तीनमधलंच मागवा. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, तो ताट येण्याआधी विचारला तर कुणालाही राग येत नाही.

काट्यांची सवय नसेल तर सुरमई किंवा कोळंबी. थोडी सवय असेल तर बांगडा. स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यांत चवदार. खाडीतल्या शिंपल्यांना इथे मुळे म्हणतात, ते ताटात दिसले तर सोडू नका. सोलकढी शेवटी भातावर. सरबतासारखी आधीच पिऊन टाकणारे पुणेकर लांबून ओळखू येतात. (मी होतो त्यांतला.) सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात इथल्या पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत, तेव्हा गर्दी कमी असते.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसायचं कारण नाही. कुळथाचं पिठलं, उकडा तांदूळ, फणसाची भाजी, बिरड्याची उसळ, आणि नशिबात असेल तर उकडीचे मोदक. फक्त ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी बघून पंजाबी भाजी मागवू नका, ती चांदणी चौकातही मिळते.

जेवलात की खोलीवर जा आणि झोपा. हा सल्ला पुणेकरांना समजावून सांगावा लागत नाही.

चारनंतर एकच दिशा

आता पाऊणपटीचा हिशेब कामाला येतो. संध्याकाळी ओहोटी असेल तर भाट्ये. संध्याकाळी भरती असेल तर रत्नदुर्ग. दोन्ही करायला जाऊ नका. दोन्हीकडे अर्धवट राहता आणि सूर्य बुडताना तुम्ही रिक्षात असता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर साडेपाचच्या सुमारास ओहोटी, म्हणजे भाट्ये. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे किल्ला. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. त्याआधी निदान तासभर पोचा.

भाट्ये म्हणजे खाडीचा पूल ओलांडला की सुरूच्या बनाला लागून असलेला सरळ, सपाट किनारा. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की ओल्या वाळूत आभाळ दिसतं. चालत गेलात तर दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. वाळूवर खेकड्यांनी बाहेर टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी असते, ती पायाखाली न घेता चालणं हा तासाभराचा उद्योग होतो.

इथे गमतीचा भाग संपतो, नीट वाचा. खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका, आणि ओहोटी चालू असताना तर मुळीच नाही. नदीचं आणि भरतीने आत शिरलेलं सगळं पाणी तेव्हा त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे ओढलं जात असतं. वरून शांत दिसतं, पण पोहणारा माणूसही त्या ओढीपुढे टिकत नाही. बाकी किनाऱ्यावरही गुडघ्यापर्यंत पुरे. जाळं घेऊन उभा असलेला माणूस ‘इथे नको’ म्हणाला तर का म्हणून विचारू नका, बाहेर या. आणि गाडी वाळूवर घालू नका. ओली वाळू कडक वाटते, चाक थांबलं की रुततं आणि भरती कुणासाठी थांबत नाही. दर सुट्टीत कोकणात कुठे ना कुठे एखादी मोटार अशी पाण्यात जाते. तिच्यावर ‘एमएच बारा’ असं लिहिलेलं वाचलं की मला उगाच आपल्याच घरचं कुणीतरी वाटतं.

रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला आहे. वर भगवतीचं देऊळ, एका टोकाला दीपगृह. दीपगृह उघडं मिळालं तर चढा, नाही मिळालं तर तटावर बसा. खाली भरतीचं पाणी कड्यावर आपटत असतं, एका अंगाला सकाळी पाहिलेलं मिरकरवाडा बंदर. सकाळी आपण ज्या बर्फाच्या पाण्यात उभे होतो ते इथून काडेपेटीएवढं दिसतं. तटाच्या कडेला उभं राहून फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्यांना आवरा.

तिसरी दिशाही आहे : आरे-वारे. गणपतीपुळ्याकडे जाणारा समुद्राकडेचा रस्ता, वळणावर गाडी थांबवून खाली पाहिलं की दोन किनारे एकदम दिसतात. स्वतःची गाडी असेल आणि दुसरा दिवसही हाताशी असेल तरच. तिथून मालगुंडला केशवसुतांच्या घरी जाता येतं, पण ते घाईत पाहू नका, घाईत पाहायची ती जागा नाही.

दिवे लागल्यावर

रात्री मांडवीला या. इथे पाहुणे कमी आणि गावकरी जास्त. आजोबा, नातवंडं, भेळेच्या गाड्या, जेट्टीवर गप्पा मारणारी पोरं. वाळू काळी आहे, ती घाण नाही. इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांचे कण तिच्यात असतात. गावकरी याला काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडे मुरुगवाड्याकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. भेळ आपल्या भेळेपेक्षा गोड असते. तक्रार करू नका.

परत निघण्याआधी राम आळीत चक्कर मारा. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबा पोळी, फणस पोळी. आमसूल मऊ आणि काळपट लाल घ्या, वाळून कडक झालेलं नको. एप्रिल-मेमध्ये गेलात तर हापूस पेटीने मिळेल. रत्नागिरीसह कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी पेटीवरचं नाव वाचून समाधान मानू नका, पेटी उघडून खालचा थर पाहा. पुण्याला न्यायचा तर थोडा कडक घ्या आणि घरी गवतात आढी लावा. दुकानदाराला सांगा, ‘चार दिवसांनी खायचाय’. तो बरोबर निवडून देतो.

कोकम आगळाची बाटली घेतलीत तर झाकणावर प्लास्टिक बांधून घ्या आणि बॅगेत आडवी ठेवू नका. आंबा घाटातल्या वळणांनी झाकण सैल होतं. माझ्या एका पांढऱ्या शर्टावर तो घाट अजून आहे.